पोराला कामात वाटा दे

बाय गो,

काल फोनवर तू विचारलंस, "मावशी, हा ऐकतच नाही गो, करू तरी काय?" मागे कुकर शिट्या देत होता, चिरंजीव किंचाळत होते आणि तुझ्या सासूबाई आतून ओरडत होत्या, "दी गो ताका मोबायल!" त्या गदारोळात माझं उत्तर तुझ्यापर्यंत पोचलं नसणार, म्हणून सावकाश लिहिते. बालवाडीत जन्म गेला माझा, तेव्हा सल्ला द्यायची खोड आता जायची नाही. पण यातलं अर्धंअधिक माझं नव्हेच. आई आणि आजी जे करत होत्या ते मी बघितलं, आणि पुढे प्रशिक्षणात तेच पुस्तकी भाषेत परत ऐकलं.

मुख्य ते आधी सांगते. तुझ्या साडेतीन वर्षांच्या पोराला घरात कामच नाही. तू सकाळी डिचोलीला ऑफिसात, जावईबापू मोपाच्या विमानतळावर शिफ्टला, सासूबाई रांधपात, सासरे कुळागरात. सगळे कशात ना कशात गुंतलेले आणि एकटा तोच रिकामा. खेळण्यांच्या दोन टोपल्या आहेत म्हणतेस, असतील. पण मोठी माणसं ज्याला हात लावत नाहीत त्या वस्तूत पोराला फार वेळ रस राहत नाही. त्याला तुमच्या हातातलं हवं असतं. ते मिळालं नाही की गॅसचं बटण फिरव, मांजराची शेपटी ओढ, पाण्याची मोटार चालू कर, असले उद्योग तो स्वतःच काढतो आणि आपण म्हणतो पोर द्वाड झालं.

तेव्हा त्याला काम दे. प्लॅस्टिकच्या भातुकलीतलं लुटुपुटुचं नको. जे केलं नाही तर घरात कुणाचं तरी अडेल, असं दे. सकाळी पाववाल्या पोदेराची पों पों ऐकू आली की पिशवी त्याच्या हातात. पाच पाव आणि दोन उंडे, हे पोदेराला त्यानंच सांगायचं. आणलेले पाव प्रत्येकाच्या बशीत एकेक ठेवायचे. आजोबा कुळागरात गेले असतील तर एक उरेल. तो का उरला, हे त्याला विचार आणि गप्प बस. वजाबाकीचा याहून चांगला धडा मी वर्गात कधी दिला नाही.

लसूण सोलणं, चवळीच्या शेंगा मोडणं, दोरीवरून उतरलेल्या कपड्यांतले बाबांचे वेगळे आणि आजीचे वेगळे करणं, तुळशीला पाणी घालणं. तुळशीसाठी लहान तांब्या दे, तोही अर्धाच भर. तरी सांडेल. त्याचा हात पुरेल अशा खुंटीला एक फडकं अडकवून ठेव. सांडलं की ओरडू नको आणि "असू दे रे सोन्या" म्हणून लगबगीनं पुसूही नको. फडक्याकडे नुसतं बोट दाखव. चार दिवसांनी बोटही दाखवावं लागणार नाही.

कामाला वेळ मात्र तिप्पट लागतो. तुझ्या सासूबाईंना तेवढं सोसणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना म्हणावं, सगळ्या रांधपात नको, एका भाजीपुरता त्याला घ्या. आणि त्याच्यादेखत सगळ्यांना म्हणावं, "आजच्या भाजीतली लसूण यानं सोललीय." 'हुशार', 'गुणी', 'शाब्बास' या शब्दांची खैरात नको. त्यानं काय केलं तेवढंच सांगायचं. हुशार म्हणवून घ्यायची चटक लागलेली मुलं कठीण कामाला हात लावायला बिचकतात, हे मी वर्गात फार पाहिलं.

आता गणपतीची चवथ येईल. डिचोलीत गणपतीवर बांधायच्या माटोळीचा बाजार भरेल तेव्हा त्याला घेऊन जा. गर्दी वाढायच्या आत, सकाळीच. या बाजाराइतकी चांगली शाळा आपल्या मुलखात दुसरी नाही. आमच्या वाड्यावरच्या एका चार वर्षांच्या मुलीला मी मागच्या चवथीला बघत होते. बाप स्टुलावर उभा राहून माटोळीच्या लाकडी चौकटीला सामान बांधत होता आणि ती खाली मांडी घालून पसाऱ्यात बसली होती. त्यानं "कांगलां" म्हटलं की तिनं कांगल्यांचा घोस उचलून द्यायचा. एकदा तिनं घागऱ्या दिल्या. बापानं रागावण्याऐवजी दोन्ही घोस तिच्यासमोर धरले आणि म्हणाला, "हलव बघू." घागऱ्या कानाशी धरून तिनं हलवल्या, त्या खुळखुळल्या, मग कांगलां हलवली, हसली आणि तेव्हापासून चुकली नाही. नारळ जड म्हणून मधल्या वाशाला, सुपारीची शिपटं दोन्ही बाजूंना सारखी, तवसं एकीकडे बांधलं तर दुसरीकडे काय बांधायचं, हे सगळं बाप मोठ्यानं बोलत होता. तोल, जोडी, जड-हलकं, आधी-नंतर, सगळं तासाभरात झालं. चित्रांच्या पुस्तकात 'ए फॉर ॲपल' करत बसलेल्या पोराला ॲपल ठाऊक होतं, घागऱ्या होत नाहीत. एक मात्र सांभाळ. माटोळीतलं सगळंच खाण्याजोगं नसतं, काही रानफळं विषारी असतात. "हे देवाचं, तोंडात घालायचं नाही" हा नियम आधीच सांगून ठेव. आणि तुझ्या जावेचा धाकटा अजून तीनचा व्हायचाय, त्याच्या हाती चिंचोके, गुंजा, मणी असलं बारीक काही देऊ नको. तीनच्या आतली पोरं नाकात घालतात, नाही तर गिळतात, आणि मग धावाधाव होते.

पेन्सिलीची घाई करू नकोस. "शेजारची मुलगी एबीसीडी लिहिते" म्हणून तू घाबरली आहेस, ते मला तुझ्या आवाजावरूनच कळलं. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा सगळा पायाभरणीचा टप्पा धरलाय आणि पहिलीचं वय सहा पूर्ण, मग साडेतीन वर्षांच्या बोटांकडून ओळीत अक्षरं कशाला काढून घ्यायची? त्या बोटांत आधी ताकद यायला हवी. ती लसूण सोलून येते, पीठ मळून येते, मातीनं येते. डिचोलीत कुंभार आहेत. एकदा मूठभर ओली माती आण त्यांच्याकडून आणि त्याला परसात बसव. काय कर ते सांगू नको.

हे माझ्या पदरचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला गरिबांच्या मुलांसाठी काम सुरू केलं, १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथून आलं, सरकारनं ते १९७५ मध्ये देशभरच्या योजनेत उचललं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणशाळा केली. विकतचं सामान नव्हतं, म्हणून बिया, पानं, खडे, शंख-शिंपले, माती घेऊन शिकवलं. आम्हां बालवाडीच्या बायकांना हीच दोन नावं देवासारखी. पेडण्याच्या किनाऱ्यावर शिंपल्यांना तोटा नाही आणि डिचोलीत रानातल्या बियांना नाही, तरी आपण पोरांसाठी प्लॅस्टिकचे ठोकळे मागवतो. असो.

चवथीचंच आणखी एक सांगते. आरत्या सुरू झाल्या की त्याला मागच्या खोलीत पाठवू नको. घुमटावर मोठ्यांचा हात पडू दे, याला लहानशी झांज, आपली कासाळी दे. पहिले दोन दिवस तो नुसता धडाधड वाजवील आणि काका डोळे वटारतील. मग कुणी तरी त्याच्या मनगटाला हात लावून "थांब... आता" असं दोन-तीनदा करू दे. नेमक्या ठोक्याची वाट बघायला शिकणं म्हणजे स्वतःला आवरायला शिकणं. 'गप्प बस' सांगून जे होत नाही ते आरतीत होतं, कारण तिथं थांबल्यावर वाजवायला मिळतं. शिवाय शब्दांचे तुकडे कानाला कळायला लागतात आणि पुढे वाचताना तेच उपयोगी पडतात.

हट्टाचं विचारलंस. दोन वर्षांपासून चारपर्यंत हट्ट असतोच. नसला तर मला काळजी वाटेल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आडवा पडला म्हणतेस. बाजारात शिरल्यावर नियम सांगून उपयोग नसतो. घरातून निघताना सांगायचं, "आज मिरच्या आणि सुकी मासळी घ्यायची, खेळणं नाही. भूक लागली तर केळं माझ्या पिशवीत आहे." बरीचशी भांडणं भुकेची आणि झोपेची असतात. आडवा पडलाच तर उचलून कडेला घे, त्याच्याशेजारी उकिडवी बस आणि थोडकं बोल. "तुला गाडी हवी होती. राग आला." एवढं पुरे. रडणाऱ्या पोराला त्या वेळी काही समजावता येत नाही, ते शांत झाल्यावर. लोक बघतात म्हणून गाडी घेऊन दिलीस की पुढच्या शुक्रवारी तो आधीच आडवा पडेल.

दुसरं, घरातल्या सगळ्यांचं 'नाही' एकच हवं. तू नाही म्हणायचं आणि सासऱ्यांनी खिशातून चॉकलेट काढायचं, असं चाललं तर पोर वकील होणार. आजी-आजोबांचे लाड तोडू नकोस, ते त्यांच्या हक्काचे. फक्त तीन गोष्टी सगळ्यांनी मिळून ठरवा: मारायचं नाही, जेवताना मोबाईल नाही, रात्रीची झोप वेळेवर. बाकी सगळं आजोबांच्या मर्जीवर सोडलंस तरी चालेल.

भीती घालू नका. पोलीस येईल, डॉक्टर सुई टोचील, हे सगळीकडेच चालतं. आपल्याकडे वर रानातला देवचार. साळ म्हणजे गड्यांचा गाव. शिगम्यात गडे रात्री देवचारामागे रानात धावत जातात त्याच्या गोष्टी तिथली पोरं लहानपणापासून ऐकतात, आणि ऐकू देत. पण "झोपला नाहीस तर देवचार नेईल" असं म्हणायचं नाही. माझी आजी देवचाराची गोष्ट सांगायची ती राखणदाराची, वाट चुकलेल्याला काठी आपटत घरापर्यंत सोडणाऱ्याची. देवचार तोच, रात्रही तीच, पण आम्ही सुखानं झोपायचो. दिवाळीला नरकासुराच्या पुतळ्याला बघून तुझा पोर किंचाळला म्हणालीस. यंदा मुलं बांबू आणि गवत बांधायला घेतील त्या दिवसापासून त्याला रोज संध्याकाळी तिथं ने. कागद चिकटवायला लाव. डोळे कोण रंगवतो, दात कशाचे केलेत, ते बघू दे. पहाटे जाळायच्या वेळी तो रडला तर भीतीनं नव्हे, आपला नरकासुर गेला म्हणून रडेल.

मोबाईलबद्दल मी तुला ओरडणार नाही, दोन कामांत एक बाई किती पुरणार! पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलेलं लक्षात ठेव. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, आणि कमी तितकं बरं. याच वयाला दिवसात तीन तास अंग हलवणारा खेळ आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप. तुझा पोर रात्री अकराला झोपतो आणि सातला उठवावा लागतो. दुपारची झोप धरूनही हिशेब जमत नाही, आणि दिवसभराची किरकिर निम्मी तिथूनच येते. जेवताना मोबाईल काढून घेतलास की तीन-चार दिवस तो जेवणार नाही. घाबरू नकोस. सकाळी अकराची पेज त्याला सगळ्यांबरोबर मिळू दे, वर तोंडी लावायला त्याला आवडतं ते. ताटात काय वाढायचं ते तू ठरव, किती खायचं ते त्याचं त्याला ठरवू दे. मागे घास घेऊन धावायचं नाही.

भाषेचा घोळ तुम्ही विनाकारण घालताय. घरात त्याच्याशी मोडकंतोडकं इंग्रजी का बोलता? ज्या भाषेत तुला लाड करता येतात, भांडता येतं, गोष्ट रंगवता येते, तिच्यातच बोल. म्हणजे आपली गावची कोकणी. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना गावोगाव मराठी शाळा झाल्या, त्यातल्याच एका शाळेत मी शिकले. घरी कोकणी, शाळेत मराठी, आरती-कीर्तन-नाटक मराठीत, पुढे इंग्रजी. कुणाचं डोकं फुटलं नाही. तो एका वाक्यात तीन भाषा मिसळतो म्हणून हसू नका आणि दुरुस्तीही करू नका. तो "आई, फ्लावर पडलां" म्हणाला तर "हय रे, फूल पडलां, जास्वंदीचां" असं पूर्ण करून त्याला परत दे. रोज रात्री एक काणी सांग, पुस्तकातली असो नाही तर तुझ्या मनची. तीच काणी रोज मागेल, तर तीच सांग. शब्द पाठ झाले की मधला एक गाळ आणि बघ, तो भरतो की नाही.

एक अवघड गोष्टही सांगते. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोलीकडच्या अंगणात ट्रक उभे राहिले. हप्ते थकले, बापमाणसं दिवसभर घरात. त्या वर्षी तुझ्या सासरच्या बाजूच्या नात्यात एक चार वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला. तो ओसरीवर खेळत असायचा आणि शेजारी बसून मोठी माणसं बँकेची, जप्तीची बोलणी करायची. "त्याला काय कळतंय!" शब्द कळत नसतील, आवाज कळतो. तुमच्या घरकर्जाचं आणि जावईबापूंच्या शिफ्टचं जे काही बोलायचं ते तो झोपल्यावर बोला. आणि अशा दिवसांत तो मागे गेला, अंगठा चोखू लागला, चिकटून बसू लागला, तर लाज काढू नका. जवळ घ्या, नेहमीचं वेळापत्रक तेवढं मोडू नका.

जावईबापूंना निरोप. शिफ्ट कसलीही असो, आंघोळ बाबांनी घालायची. पाणी किती ऊन, आधी कुठला हात, पाठ कुणी घासायची, या बोलण्यात वीस मिनिटं जातात आणि त्या वीस मिनिटांत फोन ओला होईल म्हणून कुणी हातात घेत नाही. एकाच वेळी एवढी फायद्याची गोष्ट दुसरी नसेल.

आता शेवटचं, आणि हे तू जावेला दाखव. तिचा धाकटा दोन वर्षांचा झाला आणि अजून शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर वळतोच असं नाही, असं तू ओझरतं बोललीस. "मुलगे उशिरा बोलतात", "याचा बापही चार वर्षांनी बोलला" हे सगळे सांगतील. मी या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवतं, टाटा करतं. दीडपर्यंत थोडे शब्द येतात. दोनला "आई दी", "बाबा गेलो" असे दोन शब्द जुळतात. थोडं मागेपुढे होतं, पण दोन वर्षांनंतरही जुळत नसतील तर वाट बघत बसायचं नाही. आणि आलेले शब्द, आलेलं हसणं परत गेलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर. पहिल्यांदा कान तपासून घ्यायचे. सर्दी मुरून कानात पाणी साचलेली मुलं मी बघितली आहेत. त्यांना अर्धवट ऐकू येतं आणि घरचे म्हणतात ऐकत नाही. अंगणवाडीच्या सेविकेला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, पण पथक येईपर्यंत थांबू नका. डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात दाखवा, पुढची चिठ्ठी घेऊन बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जा. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून कानांची तपासणी करतात, तिला बेरा म्हणतात. दुखत नाही. आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवायला सांगतील, म्हणजे तिथं झोप लागेल. सोबत दुधाची बाटली आणि त्याची रोजची चादर घ्या. जावेला एकटीला पाठवू नकोस, सुट्टी काढून तू बरोबर जा. तुझ्या पोराला त्या दिवशी माझ्याकडे कोरगावला आणून सोड.

तुझी मावशी